आयबीएस आणि रोजची आहार-वही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतडं हळवं होऊन पोट वारंवार दुखण्याचा-बिघडण्याचा त्रास. आहार-वही म्हणजे रोज काय खाल्लं आणि काय त्रास झाला ते लिहायची वही. आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. कधी मेसेजवर, कधी सगळं बोलून झाल्यावर दाराशी घुटमळत. साध्या प्रश्नांपासून अडचणीच्या प्रश्नांपर्यंत ते लावले आहेत. तेच तेच परत लिहायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. निदान आणि औषधं हा तुमच्या डॉक्टरांचा प्रांत. इथे फक्त वहीपुरतं बोलू.

१. आयबीएस आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय, गोळ्याही चालू आहेत. मग रोज खाल्लेलं लिहून काय होणार?

आयबीएसमध्ये आतड्याला जखम किंवा व्रण नसतो. दुर्बिणीतून पाहिलं तरी सगळं ठीकच दिसतं. बिघाड असतो तो आतड्याच्या हालचालीत, त्याच्या हळवेपणात आणि मेंदू-आतड्याच्या आपसातल्या निरोपांत. त्यामुळे तुम्हाला कशाने त्रास होतो हे कुठल्याच रिपोर्टवर येत नाही. ते तुमच्या रोजच्या दिवसातच शोधावं लागतं, आणि आठवणीचा भरवसा नसतो. वाईट दिवस लक्षात राहतात, बरे दिवस विसरले जातात.

माझ्याकडे येणारे बरेच जण 'बंद'ची यादी सोबत घेऊनच येतात. दूध बंद, वांगं बंद, तूरडाळ बंद, रात्रीचा भात बंद. वहीकडून माझी पहिली अपेक्षा अशी असते की या यादीतले निम्मे पदार्थ परत ताटात यावेत. खरा त्रासदायक पदार्थ हाती लागला तर उत्तमच.

२. वही सुरू करण्याआधी काही तपासण्या करून घ्यायला हव्यात का?

निदान डॉक्टरांनी केलेलं असावं, गुगलने नव्हे. २०१६ साली आलेल्या 'रोम ४' या निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखायला हवं. शिवाय त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा मलाचं रूप बदलण्याशी, यांपैकी किमान दोन गोष्टींशी संबंध हवा, आणि त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वी झालेली हवी.

पुढचं काही असेल तर वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा: शौचातून रक्त, प्रयत्न न करता वजन घटणं, रक्त कमी होणं, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं.

एक चूक फार जण करतात. गव्हाने त्रास होतो असं वाटून पोळी सोडतात आणि दोन महिन्यांनी सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) रक्ततपासणी करतात. गहू पोटात जात नसेल तर आजार असूनही ही तपासणी 'नाही' असं उत्तर देऊ शकते. आधी तपासणी, मग प्रयोग.

३. रोज नेमकं काय काय लिहायचं?

वेळ, खाल्लं-प्यायलं ते आणि किती, त्रास काय आणि किती (० ते १०), शौच, झोप, आणि त्या दिवशी काही वेगळं घडलं असेल तर तेही. एका पानावर एक दिवस. एक नमुना देते:

सकाळी ७.०० – चहा (दूध अर्धा कप), ग्लुकोज बिस्किटं ३
९.०० – कांदेपोहे १ बशी, कांदा बराच, वर शेव
९.२० – शौच, प्रकार ५ (प्रश्न ६ पाहा), घाई
१.१५ – पोळ्या ३, फ्लॉवर-बटाटा १ वाटी, वरण-भात, ताक १ पेला. १० मिनिटांत जेवण, मीटिंग होती
४.३० – पोट गच्च, पँट सैल करावी लागली, दुखणं ४
५.०० – चहा
८.४५ – मुगाची खिचडी, तूप, पापड १
१०.३० – पोट हलकं, दुखणं १. झोप ११.४५

यातला 'कांदा बराच' महत्त्वाचा आणि '१० मिनिटांत जेवण'ही तितकंच. नुसतं 'नाश्ता: पोहे' लिहिलेलं पान मला काहीच सांगत नाही. चहासोबतची बिस्किटं, भाजी चिरताना तोंडात टाकलेला गाजराचा तुकडा, मुलाच्या ताटातलं उरलेलं, बडीशेप, च्युइंगगम, सगळं येऊ द्या. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये बहुधा सॉर्बिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, आणि ते पोट फुगवण्यात पटाईत आहे.

४. वहीत लिहू की मोबाइलमध्ये?

जे खाल्ल्या खाल्ल्या लिहून होईल त्यात. रात्री अंथरुणावर पडून आठवून लिहिलेली डायरी ही कादंबरी असते. ऑफिसात वही काढायला संकोच वाटत असेल तर ताटाचा फोटो काढा आणि संध्याकाळी फोटो बघून लिहा.

५. 'एक वाटी' म्हणजे किती? आमच्या घरी चार मापांच्या वाट्या आहेत.

सगळ्यांच्याच घरी असतात. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारं मापाचं झाकण किंवा मापाचा कप घ्या, आणि तुमची आमटीची वाटी, भाजीची वाटी, ताकाचा पेला यांत किती मिलिलिटर पाणी मावतं ते एकदाच मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मग रोज 'आमटीची वाटी १' एवढंच पुरे. वजनकाटा आणू नका. ग्रॅमच्या मागे लागलेले लोक आठव्या दिवशी वही सोडतात.

६. शौचाबद्दल लिहायची लाज वाटते. आणि लिहायचं तरी कसं?

आकड्यात लिहा, कुणी वही उघडली तरी कळणार नाही. त्यासाठी ब्रिस्टल तक्ता आहे, १९९७ साली इंग्लंडमधून पुढे आलेला. त्यात सात प्रकार आहेत: १ म्हणजे लेंड्यांसारखे सुटे कडक खडे, २ गाठी असलेला लांबट, ३ वर भेगा असलेला, ४ मऊ आणि गुळगुळीत, ५ मऊ सुटे तुकडे, ६ पातळसर फसफशीत, ७ निव्वळ पाणी. १ आणि २ म्हणजे बद्धकोष्ठतेकडे कल, ६ आणि ७ म्हणजे जुलाबाकडे.

शेजारी तीन खुणा करा: घाई झाली का, कुंथावं लागलं का, आणि पोट साफ झाल्यासारखं वाटलं का. आपल्याकडे बहुतेकांची खरी तक्रार या तिसऱ्या खुणेतच असते. दिवसातून तीनदा जाऊनही 'साफ झालं नाही' ही भावना आयबीएसचाच भाग असू शकते. दर वेळी आत काही अडकलेलं असतंच असं नाही.

७. जेवण होतं न होतं तोच दहा मिनिटांत पळावं लागतं. म्हणजे आत्ता खाल्लेलंच बाधलं ना?

बहुतेक वेळा नाही, आणि वही वाचताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो. हे प्रत्येकाचंच होतं. आयबीएसमध्ये तो इशारा जरा जोरात वाजतो. तुम्ही जे टाकून आलात ते काल-परवाचं असतं. आत्ताचा घास अजून जठरातच आहे.

आंबून वायू करणारे पदार्थ मोठ्या आतड्यापर्यंत पोचायलाच काही तास लागतात. म्हणून त्रास लिहिलात की एक नजर मागच्या २४ तासांवर टाका, बद्धकोष्ठतेचा त्रास असेल तर ४८ तासांवर.

एका बाई ताक सोडायचं ठरवूनच आल्या होत्या. म्हटलं, दोन आठवडे प्या आणि लिहा. १४ पानांत ताक ११ वेळा होतं, दुपारचा त्रास ५ वेळा. पाचही वेळा ताक होतंच, त्यांचा मुद्दा खरा. पण ताक पिऊन काहीच न झालेले ६ दिवसही त्याच वहीत होते, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्रासाच्या पाचपैकी चार दिवसांच्या आदल्या रात्री मुलांसाठी केलेले छोले नाहीतर राजमा होता. वहीच्या त्या पानांवर हळदीची बोटं होती, म्हणजे स्वयंपाक करता करताच लिहिलेलं. म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला. ताक आजही चालू आहे.

तर नियम असा: त्रासाच्या दिवसांइतकेच बिनत्रासाचे दिवस वाचायचे.

८. किती दिवस लिहायचं?

पहिले दोन आठवडे काहीही न बदलता. हेच सगळ्यांना जड जातं. वही हातात आली की माणूस लगेच शहाण्यासारखं खायला लागतो आणि मग वहीत नेहमीचं आयुष्य सापडत नाही. पाळी येणाऱ्यांनी एक पूर्ण चक्र लिहावं (का ते प्रश्न १४ मध्ये). त्यानंतर फक्त प्रयोगाच्या दिवसांत. वर्षानुवर्षं लिहू नका.

९. कांदा-लसूण सोडायला सांगतात. मराठी घरात हे कसं जमायचं? आणि वहीत ते ओळखायचं कसं?

कांदा, लसूण आणि गहू या तिन्हींत फ्रुक्टॅन नावाची साखळी-साखर असते. ती कुणालाच पचत नाही; मोठ्या आतड्यात ती आंबते, वायू होतो, आणि हळवं आतडं त्याने दुखतं. अशा साखरांच्या गटाला फॉडमॅप म्हणतात. त्यावरचं बरंच काम मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात झालं आहे.

आपल्या कामाची गोष्ट ही, की फ्रुक्टॅन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात लालसर करून काढून टाकल्या आणि मग फोडणी वरणावर घातली, तर वास येतो आणि त्रास बहुधा टळतो. त्याच पाकळ्या आमटीत उकळल्या की त्यातलं सगळं आमटीत. असं लसणाचं तेल करून बाहेर ठेवू मात्र नका, त्यात घातक जंतू वाढू शकतात. लागेल तेव्हा ताजं करा. पातीच्या कांद्याचा हिरवा भाग बहुतेकांना चालतो, पांढरा भाग नाही.

वहीत मसाल्याचं नाव लिहा. गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला यांत तुमच्या पोटाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'उसळ, मसाला घालून' यावरून मला काही कळत नाही.

आणि ज्यांच्या घरी चातुर्मास पाळतात त्यांना आयता प्रयोग मिळतो. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ, जे काय ते मनसोक्त. आणि एकादशीपासून कांदा-लसूण बंद. त्याआधीचे दोन आणि नंतरचे दोन आठवडे लिहून ठेवा. फक्त तुलना करताना उपवासाचे दिवस वेगळे काढा (प्रश्न १२), नाहीतर कांद्याचं पाप साबुदाण्याच्या माथी जातं.

१०. दूध बाधतं पण दही चालतं, हे मनाचे खेळ आहेत का?

नाही. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. दही लागताना जिवाणू त्यातली काही वापरून टाकतात, आणि उरलेली पचवायलाही तेच जिवाणू मदत करतात. पनीर करताना बरीचशी साखर पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून वहीत 'दुग्धजन्य' असा एकच शब्द नको. दूध, दही, पनीर, खवा वेगळे लिहा. लॅक्टोज नीट न पचणाऱ्यांपैकीही पुष्कळ जण एका वेळी साधारण एक कप दूध, विशेषतः जेवणाबरोबर, सहन करतात. दिवसाच्या दोन चहांवर खापर फोडण्याआधी हे आठवा.

११. डाळी-उसळी सोडल्या तर प्रथिनं कुठून आणू?

सोडू नका, आधी पद्धत बदलून बघा. कडधान्यातल्या त्रासदायक साखरा भिजवलेल्या आणि शिजवलेल्या पाण्यात उतरतात. ते पाणी फेकलं की भार कमी होतो. सालीशिवाय मुगाची डाळ लहान वाटीभर बऱ्याच जणांना चालते, राजमा-छोले नाही.

याचीच गंमत पुरणपोळीत दिसते. पुरणाची डाळ निथळून घेतो आणि ते पाणी, म्हणजे कट, आमटीत जातं. एक पोळी खाऊन ठीक असलेला माणूस कटाच्या आमटीच्या दोन वाट्या ओरपून रात्रभर गुडगुडत बसतो आणि वहीत लिहितो: 'पुरणपोळी बाधली'.

१२. उपवासाच्या दिवशी काहींना एकदम बरं वाटतं, मला उलट त्रास होतो. असं का?

तुम्ही कोणता उपवास करता त्यावर आहे. नुसती वरई, ताक, एखादं फळ असा दिवस म्हणजे गहू, कांदा, डाळ तिन्हींना सुट्टी, बरं वाटणारच. 'एकादशी दुप्पट खाशी' वाला उपवास वेगळा. साबुदाणा स्वतः बहुतांशी पिष्ट आहे, तो सहसा आंबत नाही. पण खिचडीत दाण्याचं कूट आणि तूप, वर वेफर्स, दिवसभर रिकाम्या पोटी चहा, रात्री एकदम भरपेट. तेलातुपाचा मोठा घाला एकट्यानेच आतड्याला पिळू शकतो. म्हणून 'उपवास' एवढंच न लिहिता काय काय खाल्लं ते लिहा.

१३. लग्नात, मेसमध्ये, हॉटेलात काय घातलंय ते कसं कळणार?

कळत नाही, 'बाहेरचं, लाल ग्रेव्ही' असं लिहा आणि पुढे चला. हॉटेलच्या ग्रेव्हीत कांदा-लसूण धरूनच चालायचं. जैन पदार्थ मागवणं हा सोपा मार्ग आहे, फ्लॉवर-मटार वगैरे विचारून घ्या. वाढपी वेळ न देता वाढत गेला आणि मोजायचं राहिलं तर अंदाज लिहा. मोकळं पान हे चुकीच्या अंदाजापेक्षा वाईट.

१४. तीन आठवडे प्रामाणिकपणे लिहिलं, कुठल्याच पदार्थाशी त्रास जुळत नाही. वही फुकट गेली?

अजिबात नाही. मग खाण्याखेरीजच्या नोंदी वाचा: झोप, ताण, पाळी, जेवणाच्या वेळा. सोमवारी सकाळी त्रास आणि रविवारी वडा-मिसळ खाऊनही शांतता, अशी पानं मी कितीतरी पाहिली आहेत. पाळीच्या सुमारास शरीरात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं आतड्यालाही आकुंचित करतात. दर महिन्याचे तेच दोन-तीन दिवस असतील तर त्यांचा राग भाताच्या वाटीवर काढू नका. दुपारी तीनपर्यंत उपाशी आणि मग डबा रिकामा करणं हेही कारण असू शकतं. औषधंही पाहा, प्रश्न १८.

१५. एखाद्या पदार्थावर संशय पक्का झाला. आता तपासून कसा पाहायचा?

आधी तो आणि त्याच्या जातीचे पदार्थ दोन ते सहा आठवडे बंद. फरक पडला नाही तर तो निर्दोष, परत खा. फरक पडला तर परत आणा, हा टप्पा गाळू नका. बाकी जेवण साधं ठेवून एकच पदार्थ तीन दिवस चढत्या मापाने: कांदा असेल तर पहिल्या दिवशी एक चमचा, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी अर्धा कांदा. त्रास झाला की थांबा. मग दोन-तीन दिवस विश्रांती आणि पुढचा पदार्थ.

प्रयोगाच्या आठवड्यात लग्न, प्रवास, परीक्षा, पाळी नको. दोन पदार्थ एकदम नकोत. आणि सगळे फॉडमॅप कायमचे बंद हे तर नकोच; त्याने आतड्यातले उपयोगी बायफिडो जिवाणू कमी होतात आणि ताटही ओसाड होतं. शक्यतो हा भाग आहारतज्ज्ञाच्या मदतीने करा.

१६. तोच पदार्थ एकदा चालतो, एकदा बाधतो. मग खरं काय?

दोन्ही खरं. प्रश्न मापाचा आणि बेरजेचा असतो. दोन पोळ्या ठीक. दोन पोळ्या, कांद्याची कोशिंबीर आणि राजमा एकाच जेवणात म्हणजे पेला काठोकाठ. पिकत जाणारं केळंही असंच: डाग पडलेल्या केळ्यात फ्रुक्टॅन जास्त, जरा कच्चट केळ्यात कमी. वहीत 'केळं (पिकलेलं)' लिहा. आमरसाच्या दिवसांत वाट्या मोजा. आंब्यात फ्रुक्टोज जास्त असतं, आणि दुसऱ्या वाटीचा आग्रह कुणालाच मोडवत नाही.

१७. एका रक्ततपासणीत शंभराच्या वर पदार्थांची 'ॲलर्जी' कळते म्हणे. ती केली तर वही टळेल?

टळणार नाही. आयजीजी प्रतिपिंडं मोजणाऱ्या या तपासण्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्था अन्नाचा त्रास शोधण्यासाठी सुचवत नाहीत. तुम्ही जे नेहमी खाता त्याविरुद्ध आयजीजी सापडणं स्वाभाविकच आहे. म्हणूनच रिपोर्टात बहुधा तुमचाच रोजचा आहार लाल रंगात येतो.

१८. गोळ्या, चूर्णं, काढेही लिहायचे का?

हो, न चुकता. मधुमेहासाठीच्या मेटफॉर्मिनने जुलाब होऊ शकतात. मॅग्नेशियम असलेल्या ॲसिडिटीच्या औषधानेही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बद्धकोष्ठ करतात. 'पोट साफ' करणाऱ्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. रात्री चूर्ण घेऊन सकाळी मुरडा आला तर रात्रीच्या जेवणाचा काय दोष? इसबगोल बऱ्याच जणांना उपयोगी पडतो, पण घेता किती आणि पाणी किती पिता तेही लिहा. मनाने कुठलंच औषध बंद करू नका, वही डॉक्टरांना दाखवा.

रंगाबद्दल: बीट खाल्ल्यावर लालसर आणि लोहाच्या गोळीने काळपट होऊ शकतं. यांपैकी काही घेतलं नसताना लाल किंवा डांबरासारखं काळं दिसलं तर वाट पाहू नका.

१९. लिहिता लिहिता आता खायचीच भीती वाटायला लागली आहे.

मग आजच लिहिणं थांबवा. खाण्याआधी वही उघडून 'हे चालेल का' बघणं, वजन उतरत जाणं, कुणाकडे जेवायला जायचं टाळणं, अशी चिन्हं दिसली तर वही नुकसान करते आहे. पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक आजार झालेल्यांनी ती एकट्याने सुरूच करू नये. यांच्यासाठी मी फक्त त्रास आणि झोप लिहायला सांगते, खाणं नाही. मन आणि आतडं यांवर एकत्र काम करणारे मानसोपचार आयबीएसमध्ये खरोखर उपयोगी पडतात.

२०. डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी चाळलीसुद्धा नाही.

साठ पानं कोण चाळणार? एक पान करून न्या: आठवड्यातून त्रासाचे दिवस किती, ब्रिस्टलचे आकडे कोणते, रात्री उठावं लागलं का, कोणता पदार्थ काढून-घालून पाहिला आणि काय झालं, औषधं कोणती. एवढं ते दोन मिनिटांत वाचतात.

२१. माझी रात्रपाळी असते. 'एक दिवस' कुठून कुठे धरू?

उठल्यापासून झोपेपर्यंत, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत. पानावर वर 'रात्रपाळी' लिहा आणि कामाची पाळी बदलल्यानंतरचे पहिले दोन दिवस कंसात टाका. त्या दिवसांवरून पदार्थांचे निष्कर्ष काढू नका. आणि पहाटे तीनचा कॅंटीनचा चहा-वडापाव नाश्त्यात धरायचा की जेवणात, हेही विचारतात. वेळ लिहा, नाव काहीही द्या.